दुसऱ्या डब्यातलं चिमूटभर

प्रिय धाकटेराव,

आधी कबुतरं, मग गिटार आणि आता घरच्या घरी धातूचं ओतकाम! दर रविवारी भंगाराच्या ढिगात तोंड खुपसतोस, शिशाची जुनी नळी नाहीतर कुणाच्या तरी बक्षिसाचा चेपलेला कप उचलतोस आणि खजिना सापडल्यासारखा फोन करतोस. भंगारवाला तुला साहेब म्हणतो म्हणे. म्हणणारच. कुणी फुकट नेणार नाही ते तू नेतोस.

मागच्या महिन्यात तुझ्याकडे आले तेव्हा तासभर अक्कल शिकवलीस. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील, पेल्यासाठी त्यात शिसं अजिबात नको. तुकडा कागदावर घासायचा, शिसं असलं तर करडी रेघ उमटते. चांगल्याचा एक डबा, शिशाचा दुसरा. आव असा, जणू शोध तूच लावलास. मग त्याच दमात हसत सांगितलंस की पेले ओतताना धातू कमी पडला, तेव्हा दुसऱ्या डब्यातलं चिमूटभर टाकून वेळ मारून नेली. मीही बावळटासारखी मान डोलावली. त्याचा राग आता तुझ्यावरच काढतेय.

तुझा तो पेला! कान तिरका, बूड डुगडुगतं. पण आईने स्टीलचा ग्लास कपाटात टाकला आणि रोज सकाळी त्यातच लिंबूपाणी पिते. लेकाच्या हातचा म्हणून शेजारणींना दाखवते. बारा वर्षं मी तिचं सगळं करतेय, माझ्या हातचं काही ती कुणाला दाखवल्याचं आठवत नाही. असो.

परवा पेला घासताना तुझं शास्त्र आठवलं. माझ्या सहीखाली जी करडी रेघ आहे ती पेन्सिलीची नाही. आज सकाळी आईचं रक्त तपासायला दिलं. पेला कुठे म्हणून ती विचारत राहते. तू चकाकी द्यायला परत मागवलास असं सांगून तुझी अब्रू राखली, नेहमीसारखी. काल फोनवर तुला सांगितलं तर तुला काय कळतंय म्हणून हसलास. म्हणून हे पत्र यांच्या हाती पाठवतेय. त्या दिवशी एकाच भांड्यातून तू दोन पेले ओतलेस. दुसऱ्यातून तुझी लेक दूध पिते. तो यांच्या हातात दे, तिला डॉक्टरकडे ने आणि मग माझ्यावर हवं तेवढं चिड.

तुझीच,
काही न कळणारी ताई