पोट सुटलेला तंबोरा

प्रिय पास्कलकाका,

रडगाणं गायला हे पत्र लिहीत नाहीये, आधीच सांगते. भांडायचंय तुमच्याशी. आज संध्याकाळी जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस नाही, आणि तुम्ही नेमके वर जाऊन बसलात. वर्ष होत आलं. ही काय जायची वेळ होती का?

तुमचा डबल बास, तो माणसापेक्षा उंच व्हायोलिन, मजेत आहे. काकूंनी तो माझ्या हवाली केला तेव्हा डोंगरीच्या तुमच्या घरून माझ्या पूनम सागरच्या फ्लॅटपर्यंत टेम्पोत गाद्या घालून आणला. हॉलमध्ये मावेना, म्हणून आम्ही सोफा देऊन टाकला. आता पाहुणे सतरंजीवर बसतात आणि तुमचा बास जावयासारखा भिंतीला टेकून असतो.

तर, मला एक नवी विद्यार्थिनी मिळालीय. शुभांगीताई, पेणकरपाड्याच्या. टेलिफोन ऑफिसातून रिटायर झाल्यात, साठी उलटलीय. एका लग्नात त्यांनी बास ऐकला. "कानात नाही हो, पोटात वाजला," म्हणाल्या. घरी मात्र सांगितलंय की भजनी मंडळाची प्रॅक्टिस आहे.

"नातवंडं हसतील ना. दोनदा येऊन बघते. नाही जमलं तर गुपचूप सोडेन."

दोनदा! आणि तुमची शिकवायची पद्धत काय होती, आठवतेय? डावा हात खिशात. फक्त गज घ्यायचा आणि मोकळ्या तारांवर ओढत राहायचा. किती दिवस? तर म्हणे, शेजारी दार आपटायचा थांबेपर्यंत. "बोटांना घाई न्हाय. आधी तारेशी वळख कर." का, म्हणून विचारलं की चहाचा कप पुढे करायचात. कारण काही तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

तुमच्या याच पद्धतीने मी आधी दोघांना शिकवायला घेतलं आणि दोघंही पळाले. एकाने तर जाताना गिटार घेतोय म्हणून सांगितलं. म्हणून या खेपेला ठरवलं, काकांचा नियम गुंडाळून ठेवायचा. राग आला तर येऊ दे.

पहिल्या गुरुवारी पुस्तक काढलं. नोटेशनच्या पाच रेघा आणि त्यावरचे स्वर बघून ताईंनी चष्मा वर केला. "हे काय, बोंबील वाळत घातलेत?" मी हसले, पण पुस्तक मिटलं. मग गज बाजूला ठेवून बोटांनीच एक सोपी चाल वाजवून घ्यायला बघितलं, म्हणजे लगेच काहीतरी वाजवल्याचा आनंद मिळेल. तार दाबता दाबता त्यांची बोटं लाल झाली आणि सूर एकही सरळ लागेना. निघताना चप्पल घालत म्हणाल्या, "बघू."

आपल्यात "बघू" म्हणजे काय, ते तुम्हाला माहितीय.

आज त्या आल्या त्या हातात करंज्यांचा डबा घेऊन. निरोपाचाच डबा तो, मी ओळखलं. माझ्याकडे आता तुमच्या पद्धतीशिवाय काही उरलंच नव्हतं. मुकाट्याने गज त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, बोटं नकोत, नुसती मोकळी तार ओढा.

त्यांनी गज धरला आणि विचारलं, "आमच्या मंडळाची पट्टी पांढरी पाच. तुमच्या यात ती कुठेय?"

पेटीवरची पांढरी पाच म्हणजे तुमच्या बासची सगळ्यात बारीक तार. मी ती दाखवली.

"हा सा. मग पंचम?"

"शेजारची तार."

त्यांनी एकदा ही ओढली, एकदा ती. मग बासकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "अगं, म्हणजे हा तंबोराच की. जरा पोट सुटलेला."

आणि गायला लागल्या. गणपतीचं भजन, गज त्यांच्याच हातात, आवाजही त्यांचाच. गज वाकडा जात होता, मध्येच करकरत होता, पण त्यांना पत्ताच नव्हता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि तुम्ही आठवलात. मी तारा ओढत बसायचे तेव्हा तुम्ही आत मासे साफ करत गुणगुणायचात. मला वाटायचं, माझ्याकडे तुमचं लक्षच नाही. तुम्ही माझ्या तारांवर गात होतात ना? तेवढं एक वाक्य तोंडाने सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्या दोघांना मी नुसत्या तारा दिल्या, वरचं गाणं दिलंच नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात समोरच्या पारुलबेन. गेल्या वर्षभरात मी बास काढला की त्या विचारतात, "मृणालबेन, तमारुं फ्रिज बगडी गयुं छे?" फ्रिज बिघडलाय का म्हणे, आणि मग दार आपटतात. ताईंनी घाबरून गज खाली ठेवला.

पारुलबेन म्हणाल्या, "अरे, बंद क्यूं किया? मैं दरवाजा खुला रखके बैठी थी."

काका, नियम तुमचाच. शेजाऱ्याने दार आपटायचं थांबवलं की बोटं लावायची. दुसऱ्याच शिकवणीला! तुमच्या हाताखाली मला तरी हे जमलं होतं का?

मग आम्ही तिघींनी मिळून करंज्या संपवल्या. ताईंनी रिकामा डबा इथेच ठेवला. "राहू दे, गुरुवारी नेते," म्हणाल्या. "आणि नातवाला घेऊन येऊ का? त्याला दाखवते आजीचा तंबोरा."

तेव्हा गुरुवारी पहिलं बोट लावणार आहोत. पुस्तकही काढेन, बोंबील हळूहळू ओळखीचे होतील. पण यापुढे माझ्याकडे जो कोणी शिकायला येईल, त्याच्या पहिल्या तारेवर मी गाईन. माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी गाईन. वचन देते. आणि का, म्हणून विचारलं तर चहा पुढे करणार नाही, कारण सांगेन.

गज अजून थोडा वाकडाच धरणारी,
तुमची मृणाल