लाल फुल्यांची कॅलेंडरं

ती. सासूबाईंना,

काल सुनावणीवरून तुम्ही परस्पर नणंदेकडे गेलात, म्हणून हे कागदावर. पोस्टात टाकणार मात्र नाही. तुम्ही म्हणाल, "झाली हिची नाटकं सुरू!"

पाळीत मी पोट धरून आडवी झाले की तुम्ही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल फुली मारायचात. बायको कामचुकार आहे, हे मुलाला दाखवायला. नऊ वर्षं! एकदा मी रागाने ते लाल पेन केरात टाकलं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी नवीन आणलंत.

मग ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर माझ्या आतड्यांवर वाढलं होतं.

काल मी ऑफिसच्या समितीपुढे या आजारासाठी रजा मागत होते. एक सदस्य म्हणाले, "दुखतं म्हणता, पण पुरावा काय?" तेवढ्यात सोबतीला आलेल्या तुम्ही उठलात आणि पिशवीतली नऊ कॅलेंडरं त्यांच्यापुढे ठेवलीत.

"एक महिना सुटलेला नाही, साहेब. हिला नाटकी ठरवायला मीच लिहून ठेवलंय. माझं चुकलं. आता तुम्ही तीच चूक करू नका."

त्यांनी नऊच्या नऊ चाळली. रजा मिळेल की नाही, देव जाणे. पण माझ्या बाजूने असं कुणी, माझी आईसुद्धा, कधी उभं राहिलं नव्हतं.

आज पुन्हा दुखतंय. फुली मीच मारली आणि खुशाल आडवी झाले.

तुमची,
नाटकी सून