झऱ्यापाशी घेतलेलं नाव

४ ऑगस्ट

पोहोचलो एकदाचे! झऱ्यापासून वीस पावलांवर तंबू ठोकला आहे. चिनाराची गार सावली, खाली पिंडोसच्या डोंगरांमधलं जंगल, वर निळंशार आकाश. लंगोट बारा, टोपरी दोन, उकळलेलं पाणी, तापाचं औषध, सगळं तीनदा तपासलं. स्टामाटिस म्हणाला, अख्खं अथेन्स उचलून आणलंस बाई, फक्त आपली इमारत तेवढी राहिली.

बाळ साडेतीन महिन्यांचं झालं. बाप्तिस्मा पंधरवड्यानंतर. तोवर ते नुसतं ‘बाळ’. आजोबांचं, म्हणजे स्टामाटिसच्या वडिलांचं, नाव ठरलं आहे, पण ते पहिल्यांदा धर्मपित्याने चर्चमध्येच उच्चारायचं. आईने मला हे लहानपणीच शिकवलं. चूक झाली तर त्याच दिवशी लिहून ठेवायची, हेही तिनेच.

५ ऑगस्ट

चूक लिहिते. भर दुपारी बाळ तासभर रडत होतं, स्टामाटिस घोरत होता. झऱ्यावर नेऊन बाळाच्या कपाळाला पाणी लावलं, तरी थांबेना. शेवटी त्याच्या कानात नाव घेतलं. लाम्ब्रोस. एकदाच. लगेच गप्प झालं आणि पाण्याकडे बघून हसलं.

संध्याकाळी मेंढपाळांकडची झोइत्सा मावशी चीज घेऊन आली. तिला सांगितलं तर तिने बाळावर तीनदा थू-थू केलं आणि मला झापलं. शहरात अक्कल गहाण ठेवून येता काय गं? भर दुपारी, झऱ्यावर, बाप्तिस्मा न झालेल्या पोराचं नाव! पाण्यातल्या बाया ऐकत बसलेल्या असतात तिथे, पोरं पळवणाऱ्या. स्टामाटिस म्हणाला, बसल्याच आहेत तर लंगोट धुवायला सांग त्यांना. मीही हसले. हसायला नको होतं.

६ ऑगस्ट

दुपारी झऱ्याकडून हाक आली. बाईचा आवाज. लाम्ब्रोस, असं, लाडाने. बाळाने मान वळवली. स्टामाटिसनेही ऐकलं. तो हसला नाही.

तंबू तसाच टाकून निघालो. पहिल्याच वळणावर बाळाचे ओठ निळे पडले, श्वास अडकला. गाडी मागे वळवली, चिनारापाशी येताच रडायला लागलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्याला इथून नेता येत नाही.

स्टामाटिस एकटाच पाद्र्याला आणायला गेला. जाताना म्हणाला, अंधाराआधी येतो, तू फक्त त्याला खाली ठेवू नकोस.

७ ऑगस्ट, सकाळ

आले नाहीत. काल सण होता, पाद्री वरच्या गावांत फिरत असेल. असेलच.

कालपासून बाळ दूध पीत नाही. मी ‘बाळा’ म्हटलं तर बघत नाही. झऱ्याकडेच बघतं. मी त्याचं तोंड माझ्याकडे वळवते, ते पुन्हा तिकडे. देवा, चूक माझी आहे. त्याची नाही.

साडेअकरा

मावशी येऊन गेली. म्हणाली, पाद्र्याची वाट बघू नकोस पोरी, बारा वाजले की ती झऱ्यातली त्याला घेऊन जाईल. अशा वेळी आईने बाप्तिस्मा दिला तरी चालतं. पोराला तीनदा हवेत उचल आणि नाव दे. ते नको, ते तिच्या तोंडी लागलंय. नवं दे, तिच्या कानावर न पडलेलं. मावशी स्वतः वाटेवर गाडी बघायला पळाली आहे.

बाराला पाच कमी

नाव ठरवलं. मूल टिकावं म्हणून ठेवतात ते. एक अक्षरही आधी तोंडातून काढणार नाही. उचलताना गडबडू नये म्हणून फक्त इथे लिहिते —

स्टेर्गिओस.

आता उचल—

हाक आली. स्टेर्गिओस.

मी उच्चारलं नव्हतं. शपथ, ओठही हलवले नाहीत, फक्त लिहि—

बाळ हसतंय. हात वर करतंय, माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर— वहीवर सावली— ती वाचते