गादीच्या वरचा मजला

१९ जानेवारी
वरचा हॉल रिकामा झाला. जुने खोके, कॅलेंडरं, मोडका टेबलफॅन, सगळं गेलं. रिद्धीने छत काळं रंगवायला सांगितलं. काळं! कापडाच्या दुकानाला! रंगारी दोनदा खाली येऊन मला विचारून गेला.
सूनबाई लग्नाआधी सुरतेला शोरूम सजवायची. इथे शहाद्यात आल्यापासून तिचे हात शिवशिवत होते. माझ्या मुलाने, मितेशने, अखेर परवानगी दिली, पण अट घालून. होळीपर्यंत तरुण गिऱ्हाईक आलं नाही तर हॉल क्लासवाल्यांना भाड्याने. आलं, तर खालचं दुकानही तसंच करायचं आणि गादी उचलायची.
गादी म्हणजे माझी. आधी सासरे, मग हे, आणि हे गेल्यापासून मी. गिऱ्हाईक चप्पल काढतं, मांडी घालून बसतं, आमचे जुने नोकर पंडितभाऊ समोर कापडाचं थान उलगडतात. शहाद्यात अशी दुकानं आता फार उरली नाहीत.
मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही...

२ फेब्रुवारी
बाहुल्या आल्या. एकीलाही डोकं नाही.
पं. जिन्यातच थांबले. "भाभी, यास्ले मुंडकंच नही! गिऱ्हाईक भाव कोनसंगे करी?"
रि. म्हणाली, "काका, वर भाव नाही करायचा. किंमत चिठ्ठीवर असते."
"मंग मी काय करू वर?"
"काही नाही. फक्त स्माइल."
पं. खाली येऊन थानं नीट लावत बसले. नीटच होती.

५ फेब्रुवारी
दुपारी कोणी नव्हतं. वर गेले. कपडे घालून बघायच्या तीन खोल्या केल्यात, प्रत्येकीत उंच आरसा आणि तीन बटणं. बटणांखाली रि.ने चिठ्ठ्या चिकटवल्यात: कॉलेज. हळद. गरबा.
कडी लावली. कॉलेज दाबलं, तर लख्ख पांढरा उजेड. सुरकुत्या सगळ्या हजर. हळद दाबलं, तर मांडवातल्यासारखं पिवळं ऊन अंगावर. गरबा दाबलं आणि माझी ही फिकी साडी, जिची किनार शोधावी लागते, चांदीसारखी उठली. मी जागच्या जागी एक गिरकी घेतली. हे इथेच राहू दे.
आमच्याकडे गिऱ्हाईक म्हणतं, रंग बाहेर उन्हात बघू द्या. मग पं. कापड घेऊन ओट्यावर जातात. ही पोरगी ऊनच आत घेऊन आली. नवरात्रसुद्धा.
कडी उघडून बाहेर आले तर रि. समोर. "कसं वाटलं, मम्मीजी?"
"वीज फार जाळते," म्हटलं.

८ फेब्रुवारी, रविवार
उद्घाटन. नारळ मी वाढवला.
छत काळं का, ते आज कळलं. दिवे लागल्यावर छत दिसतच नाही. वर बघितलं की अंगणात उभं असल्यासारखं वाटतं. खाली उसाच्या गाडीसारखे जीन्सचे ढीग रचलेत. झेंडूच्या रंगाची भिंत, तिच्यापुढे झोपाळा, भिंतीवर दिव्याच्या नळीने लिहिलंय, "आपलं शहादं". पोरं झोपाळ्यावर बसून फोटो काढायला रांग लावून उभी. कुठलं तरी गाणं धडधडत होतं, छातीत कळत होतं.
प्रत्येक खांबाला फोन चार्ज करायची सोय. "हे कशाला?"
"मम्मीजी, फोन चार्ज होईपर्यंत ते थांबतील ना."
याच कामासाठी आम्ही इतकी वर्षं चहा पाजला. 

१२ फेब्रुवारी
जिन्याच्या पायथ्याशी चपला-बुटांचा ढीग. रि.ने पाटी लावली, "चप्पल घालून या". कोणाचा विश्वास बसेना. पोरं पाटी वाचतात, एकमेकांकडे बघतात, आणि चप्पल काढतात. काल रि. स्वतः जिन्यात उभी राहून "घाला, घाला" म्हणत होती. कळसाडीचा एक मुलगा म्हणाला, "असू द्या ताई, आमची आई इथंच कापड घेते."
पं. खूश. "गादीना दुकानमा चप्पल घालीसन कोन चढी?"
मलाही मनातून बरं वाटलं.
पण घेत कोणी नाही. वर जातात, झोपाळा, फोटो, उतरतात, चपला शोधतात, गेले. रि.ने प्रत्येक डिझाइनचा एकेकच नग ठेवलाय. तिचं म्हणणं, आपल्यासारखं दुसऱ्याच्या अंगावर दिसलं की तरुण गिऱ्हाइकाला राग येतो, तो कपडा परत येतो.

१६ फेब्रुवारी
मि. क्लासवाल्याला घेऊन आला. त्याने हॉल टेपने मोजला. बाक किती मावतील ते बोलत होते. बाहुल्यांच्या मधून, त्यांना धक्के देत.
रि. एका बाहुलीची ओढणी नीट करत राहिली. जेवली नाही. मी ताट झाकून ठेवलं. सूर्यास्तानंतर आमच्याकडे खात नाहीत हे तिला माहीत आहे, तरी नाही जेवली.
तिचं फसलं तर माझी गादी राहते. हा विचार आला. आला तो आला, पण आनंद काही झाला नाही.

१९ फेब्रुवारी
आज होस्टेलच्या मुली आल्या. दहा-बारा जणी, धडगावच्याही वरच्या पाड्यांवरच्या, इथे कॉलेजात शिकतात. त्यांची पुढारी रविता, बी.एस्सी.ला आहे, बोलायला धीट. वर गेल्या आणि सगळ्यांचं बोलणं एकदम थांबलं. मी मुद्दाम मागोमाग गेले. त्या छताकडे बघत होत्या. मी पहिल्या दिवशी बघितलं तसंच.
रविताने बाहुलीच्या अंगावरचा पोपटी कुर्ता धरला. "हा पाहिजे."
रि. खुलली. "साइज?"
"सगळ्यांचा."
"म्हणजे?"
"सगळ्यांना हाच, मॅडम. भोंगऱ्या बाजाराला. होळीच्या आधी आमचा मेळा असतो ना, तो."
रि.ने समजावलं, प्रत्येकीने वेगळा घ्या, उठून दिसाल. मुली आपसात त्यांच्या पावरी बोलीत काही बोलल्या आणि इतक्या हसल्या की एकीला खाली बसावं लागलं.
"वेगळं दिसून काय करू?" रविता म्हणाली. "इतक्या गर्दीत लांबून कळायला पाहिजे, कोणत्या गावाच्या मुली आल्या."
मागून एक म्हणाली, "एकटी वेगळी असली तर सापडलेली बकरी वाटेल. कोणाची आहे, विचारतील."
पुन्हा हसणं.
एकच नग. गेल्या. जाताना रविताने कुर्त्याची बाही पुन्हा एकदा हातात घेऊन बघितली.
रि. झोपाळ्यावर बसली. फोटोशिवाय त्याच्यावर बसलेलं माणूस पहिल्यांदा बघितलं. "मम्मीजी, मी सगळं उलटंच केलं."

२० फेब्रुवारी
सकाळी वरच्या खणातून पोपटी थान काढलं. दिवाळीत कोणी विचारलं नव्हतं. कुर्त्याशेजारी धरलं. उन्नीस-बीस.
रि.ला म्हटलं, "त्या मुलीचा नंबर घेतलास?" घेतला होता. शहाणी आहे.
संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर सगळ्या आल्या. गादीवर बसल्या, कापड चुरगाळून बघितलं, पसंत पडलं. पण त्यांना स्वतःला बघायचं होतं, सगळ्यांना, एकत्र. खालचा आरसा हातभर. वरचे उंच, पण एकेकीपुरते, खोल्यांच्या आत.
रि. धावत गेली, शेजारच्या सुताराला घेऊन आली. तिन्ही खोल्यांचे आरसे बाहेर काढून भिंतीला ओळीने लावले. दिवे त्यांच्यावर वळवले. तिनेच बांधलं होतं, तिनेच उचकटलं. 
मग वर थान उलगडायला पं. अडले. थान फरशीला टेकवायचं नाही, हा सासऱ्यांपासूनचा नियम. "गादीबिगर मी थान उलगडाव नही."
रि.ने बाह्या वर सारल्या, खाली आली आणि गादीचं एक टोक धरलं. माझ्याकडे बघितलं नाही. विचारलंही नाही.
दुसरं टोक मी धरलं. जिना चढून गादी वर नेली.
मुली गादीवर ओळीने उभ्या राहिल्या. पं.नी थान हातावर तोललं आणि फेकलं. कापड पहिल्या खांद्यावरून सुटलं ते शेवटच्या मुलीपर्यंत पळत गेलं, कुठे अडकलं नाही. रि.ने बटण दाबलं. तिचा तो 'कॉलेज'चा लख्ख उजेड.
आरशात दहा-बारा मुली नव्हत्या. एकच काहीतरी होतं, हिरवं, लांबलचक. एक हसली की ते सगळंच हलायचं, कोवळ्या गव्हात वारा शिरतो तसं.
आयुष्य कापडात गेलं माझं. एक थान काय करू शकतं, ते आज बघितलं.
 गाणं रि.ने बंद केलं होतं. मग पं. म्हणाले, "आते कशा! मुंडकासंगे!"

२६ फेब्रुवारी
शिंप्याकडे रि. स्वतः जाऊन बसते. गळा त्या कुर्त्याचा, बाहीला काठ मुलींनी सांगितला तसा. आज सगळे तयार. मुलींनी घडीही घातली नाही, अंगावर घालूनच गेल्या. चपला शोधायला वेळ लागला.
मि. वर आला. गादी बघून त्याने सवयीने बूट काढले. मग म्हणाला, "ही इथे काय करते?"


१ मार्च
होळी तोंडावर. रविताने भोंगऱ्या बाजारातला फोटो पाठवला. कोणीतरी उंचावरून काढलाय. माणसंच माणसं, पिवळी, लाल, निळी ओळ, आणि मधून एक पोपटी रेघ. चेहरे दिसत नाहीत. पण आमचं कापड मी ओळखलं. रि. फोटो मोठा करकरून बघत होती. डोळे पुसत होती, मी बघितलं नाही असं दाखवलं.
आज पलीकडच्या पाड्याची पोरं आली. "आम्हाला पण एकच. पण निळा." दुसरी टोळी संध्याकाळी येणार म्हणतात.
मि.ने क्लासवाल्याला नाही म्हणून कळवलं. मग माझ्याकडे वळला. "मम्मी, ठरल्याप्रमाणे आता खालची गादी उचलायची."
"उचललेलीच आहे," म्हटलं. "ठेवायची कुठे ते बोल."
तो रि.कडे बघायला लागला. रि. माझ्याकडे. "मम्मीजी, तुम्ही सांगाल तसं."
आता विचारलं! तर मला सुचेना.
खाली गादीच्या जागी फरशीचा उजळ चौकोन पडलाय. मी त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. इतक्यात प्रकाशा गावचं एक म्हातारं जोडपं आलं, नातीच्या लग्नाचं कापड घ्यायला. जुनं गिऱ्हाईक. दोघांनी दारात चपला काढल्या, आले, आणि त्या उजळ चौकोनावर, नुसत्या फरशीवर, मांडी घालून बसले. वाट बघत.
जिन्यावरून पं.नी डोकावलं. "भाभी, थान खाले लई येऊ, का त्यास्ले वर धाडतस?"
वर पोरांचा गलका. आजी जिन्याकडे मान वर करून बघत होती, त्या दिव्यांकडे.
मी उठले, आणि आजीला हात देऊन म्हटलं, "चला, गादी वर आहे."