मनालीची चिठ्ठी भावेशच्या खिशात

३ फेब्रुवारी
लघवीला चार दिवस आग. उल्हासनगरला दाल-पकवान हाणलं, त्याचंच असणार. आजपासून तिखट बंद.

९ फेब्रुवारी
तिखटामुळे नाही. सरकारी दवाखान्यात रिपोर्ट आला, क्लॅमिडिया. समुपदेशक भारतीताई म्हणाल्या, संबंधातून होतो, संडासातून नाही. गोळ्या सात दिवस, एकही चुकवायची नाही, तोवर संबंध बंद. मनालीलाही तपासायला बोलावलं, तिच्यासाठी चिठ्ठी दिली. बहुतेक बायकांना त्रासच होत नाही, पण आतून गर्भनळ्या खराब होतात, मूल राहत नाही. मे महिन्यात आमचं लग्न आहे.
सहा महिन्यांत आणखी कोण, विचारलं. कोणी नाही म्हटलं. वांगणीची सरू दिवाळीतली. तेव्हा मनाली आणि मी बोलत नव्हतो, ते धरत नाहीत.
मग आला कुठून? भावेश. मनालीच्या कंपनीत पॅकिंगचा सुपरवायझर. तिच्या डब्यातली भेंडी खातो.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
चिठ्ठी द्यायला आनंदनगरला तिच्या कंपनीवर गेलो. दोघं हसत गेटबाहेर. एक उसाचा रस, ग्लास दोन. ती रिक्षात बसल्यावर चिठ्ठी भावेशच्या खिशात कोंबली. म्हटलं, मूळ तूच, जा तपासून ये. भाऊ, कसलं मूळ, म्हणाला. नाटक.

१२ फेब्रुवारी
बारवी धरणावर भटकलो, गोळ्या घरी. आग थांबलीय, म्हणजे बरा झालोच.

१३ फेब्रुवारी
भारतीताईंचा फोन. तुमचे भावेश चिठ्ठी घेऊन आले, फार घाबरलेत, सांभाळून घ्या. पुरुष-पुरुष जोड्या इथे येतात, लाजू नका. म्हटलं, तो माझा कोणी नाही. तेही असंच म्हणत होते, म्हणाल्या. मग विचारलं, आणि मनाली?
रेंज गेली असं सांगून ठेवला.

१७ फेब्रुवारी
भावेशचा रिपोर्ट क्लिअर. त्याने तो मनालीला दाखवला, चिठ्ठीसकट. ती म्हणाली, माझी चिठ्ठी अख्ख्या पॅकिंगला वाटायची होती काय रे?

२३ फेब्रुवारी
मनाली एकटीच जाऊन आली. तिलाही निघाला, त्रास काहीच नव्हता. गोळ्या चालू. म्हणाली, ताईंनी विचारलं, मी एकच नाव सांगितलं, तू किती सांगितलीस?
मी विचारलं, ते एक भावेश का?
फोन कट.

२४ फेब्रुवारी
मध्ये चुकवल्या म्हणून मला गोळ्या पुन्हा पहिल्यापासून. सरूचं नाव सांगायला उद्या जाणार. उद्या नको, सोमवारी.
मनालीचा फोन सकाळपासून लागत नाही. भावेशशीच बोलत असणार. बिझी लागतो का, खात्री करायला त्याला लावला.
पहिल्या रिंगला उचलला.