मिनिटाला तीस शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार
बावीस! परत बावीसच. मिनिटाला तीस शब्द पाहिजेत.

जेवताना आबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सासरे फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बोलले की ऑर्डरच. "सांगलीची टायपिंगची परीक्षा निघाली तर सयाजीच्या जागेवर तू लाग. न्हाई निघाली, तर विश्वजितला नोकरी द्यायला हरकत न्हाई म्हनून गप सही करून द्यायची. टायपिंगबिगर तुला कोन घेनार हाय?" मी मान हलवली. काय करणार!

ह्यांना – सयाजींना – जाऊन वर्ष होईल. साताऱ्यातल्या त्यांच्या ऑफिसात घरातल्या एकालाच घेणार – मी, नाहीतर त्यांचे धाकटे भाऊ, विश्वजित भाऊजी. भाऊजींचं टायपिंग कधीच झालंय.

६ नोव्हेंबर
आणि मला शिकवतात कोण – तर भाऊजीच! मोबाइलवर एक मिनिट लावतात. "हं वहिनी, चालू!" मिनिट झालं की चुका मोजायच्या, लगेच दुसरं मिनिट. म्हणतात, "आधी मिनिटभर पळा. मोठा उतारा मग आपसूक जमतोय." खरं आहे. कुठं अडते ते लगेच कळतं. माझी डावी करंगळी म्हणजे मेलेली! आज कीबोर्डवर हातांसकट टॉवेल टाकला. बघायचंच नाही.

९ नोव्हेंबर
पंचवीस.

१४ नोव्हेंबर
आजचा उतारा नुसता जोडाक्षरांचा. अठरावर आले! तोंडातून निघूनच गेलं – "मुद्दाम अवघड देताय ना?" भाऊजी उठले. लॅपटॉप मिटला, चप्पल घातली, गेले.

बोलायला नको होतं. पण मनात येतंच ना? सव्वीस वर्षांचे आहेत, दोनदा भरती हुकली, लग्न अडलंय. नोकरी त्यांनाही हवी आहे. मग मला का शिकवतात?

१५ नोव्हेंबर
चहा ठेवायला उठले, तर लॅपटॉप उघडून बसलेले. "परीक्षेत असलंच येतंय, वहिनी. बसा." बाकी काही नाही. बसले.

२० नोव्हेंबर
एकोणतीस! आबा दारात उभे. "किती?" सांगितलं. "म्हंजी कमीच की." – आणि गेले. शिवांजली विचारत होती, "आई, तू नापास झालीस?" अजून पहिलीतसुद्धा नाही पोरगी, आणि हे शब्द!

२३ नोव्हेंबर
एकतीस!! भाऊजी माझ्यापेक्षा जास्त खूश.

२६ नोव्हेंबर, सांगली
गेलं सगळं.

तिथल्या कीबोर्डची बटणं दगडासारखी. एक ओळ वगळली, ते कळलं तोवर निम्मा वेळ गेला. उतारा अर्धवट राहिला, स्क्रीन बंद झाली. शेजारची मुलगी हसत उठली. बाहेर भाऊजी उभे होते. माझं तोंड बघूनच कळलं त्यांना.

२७ नोव्हेंबर
काल पुढचं लिहवलं नाही. आज लिहिते.

येताना एसटीत कराड मागं पडलं. भाऊजी एकदम म्हणाले, "वहिनी, सही करू नका."

"आता काय! शब्द दिलाय मी आबांना."

"आवं, परीक्षा आधी लागतच नव्हती. आधी नोकरीवर घेतात, टायपिंगला नंतर मुदत मिळती. ऑफिसातल्या बाईंनी आबांना सांगितलं होतं, दसऱ्याच्या टायमाला. मी संगंच होतो."

मी त्यांच्याकडे वळले.

"मग इतके दिवस गप का बसलात?"

खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आबांनी बजावलं होतं. आन् मलाबी नोकरी पायजेच होती की, वहिनी. मग वाटलं, तुमीच पास झाला, तर मला तोंड उघडावंच लागायचं न्हाई."

राग आला – लय आला! आणि माझ्यासाठी मिनिटं लावणारे त्यांचे हात बघून रडूही आलं. दोन्ही एकदम. सातारा येईपर्यंत तोंडाला पदर लावून बसले.

१ डिसेंबर, सोमवार
ऑफिसात जाऊन आले. आबांनी अंगणातच विचारलं, "झाली का सही?"

"झाली. माझ्या अर्जावर."

आबांनी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी मान खाली घातली नाही.