लाँच येईपर्यंत

१४ जाने. ९६
शमाल सुटलाय, इकडचा उत्तरेचा वारा. लाँच नाही, भाजी नाही. सकाळी इब्राहिमचाचा वर काच पुसत असताना वायरलेसवर ऑफिसातला कुट्टी आला. चाचाची बायको काल दापोलीला वारली, मातीही झाली. लाँच येईपर्यंत सांगू नको, म्हातारा बीपीवाला आहे, म्हणे. मी ओके म्हणून बसलो. माझी अक्कल! भर आखातात या दीपगृहात आम्ही दोघंच. तोंड लपवू कुठे?

१५ जाने.
घरचा विषय निघू नये म्हणून दीपगृहाचा इतिहास काढला. त्यात चाचा रंगतो. पूर्वी मोतीवाल्यांच्या होड्या याच खडकावर फुटायच्या, म्हणून दिवा आला. पण पुढचं त्याचं सगळं कॅलेंडर म्हणजे हलीमाचाची. रॉकेल जाऊन गॅस आला, त्या साली निकाह. जनरेटर आला, तेव्हा थोरली झाली. ती चालायला लागल्यावर यानं पहिल्यांदा पाहिली. गेल्या साली सोलर बसलं, तर चाचीनं फोनवर विचारलं, "आता दिवा आपोआप लागतो ना, मग तुम्ही या की घरी." सांगताना हसत होता. म्हणाला, मार्चमध्ये खलास, दोघांनाही इथून काढतायत, मग जातोच.

१६ जाने.
वारा तसाच. राहवेना. आपल्याकडे सांगतात तसंच सांगितलं, "चाचा, चाची सीरियस आहे. लाँच आली की निघा."
कोकणातला माणूस. त्याला काय कळायचं राहिलं? बाप गेला तेव्हा त्यालाही असाच निरोप आला होता. बराच वेळ हातातलं फडकं पिळत बसला. मग म्हणाला, "सीरियस म्हंजे हाय अजून. लाँच येईपर्यंत तेवढंच असू दे, दत्ता. पुढचं बोलू नको."
वर जाऊन रडलो. वाऱ्यात कोण ऐकतंय.
रात्री जेवताना स्वतःच सांगत होता, तिला कालवणात कोकम जास्त लागतं. लागतं, म्हणाला.

१७ जाने.
पहाटे वारा पडला. पाणी ताटासारखं सपाट. कुट्टीनं विचारलं, लाँच सोडू का? मी उत्तर द्यायच्या आत चाचानं माईक घेतला.
"समुंदर बहुत खराब है. कल देखेंगे."
कुट्टी इन्शाल्ला म्हणाला. चाचा माझ्याकडे न बघता चहा टाकायला गेला.
मीही रजिस्टरात 'समुद्र खराब' लिहिलं. उद्या पुन्हा विचारतील.